जन्मजात हृदयदोष असलेली बालके आणि रक्ताच्या गुठळ्या : पालकांसाठी काही सूचना

हृदयावरील शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडून मूल घरी आले, छातीवरची जखम भरून आली, निळसर ओठांना रंग चढला, आणि तरीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रोज घ्यावयाची एक लहानशी गोळी शिल्लक राहिली, म्हणजे पालकांच्या मनात जे प्रश्न उभे राहतात, ते या सदराकडे येणाऱ्या पत्रांत निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आढळतात : दोष दुरुस्त झाला असेल तर ही गोळी कशासाठी, ती किती दिवस द्यावयाची, आणि नाकातून रक्त आले तर ती बंद करावी की नाही? या प्रश्नांमागे बहुधा रक्तस्रावाचे भय असते. ते स्वाभाविक आहे, कारण रक्त डोळ्यांना दिसते आणि गुठळी दिसत नाही. परंतु ज्या मुलांसाठी ही औषधे लिहून दिलेली असतात, त्यांच्या बाबतीत ती परस्पर थांबविल्याने ओढवणारा अनर्थ हा किरकोळ रक्तस्रावापेक्षा कितीतरी गंभीर असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढील सर्व मजकूर त्याच दृष्टीने वाचावा.

सर्वांना धोका सारखा नाही

हृदयाच्या पडद्यातील साधे छिद्र टाके घालून किंवा ठिगळ लावून बंद केले असेल आणि ठोके नियमित असतील, तर अशा मुलाला गुठळीविरोधी औषधाची दीर्घकाळ गरज सहसा पडत नाही. हेच छिद्र जांघेच्या शिरेतून डिव्हाइस नेऊन बंद केले असल्यास, त्या उपकरणावर हृदयाचे अस्तर चढेपर्यंत, म्हणजे साधारणतः सहा महिने, अ‍ॅस्पिरिन देण्याची प्रथा आहे. विशेष दक्षता घ्यावी लागते ती पुढील मुलांच्या बाबतीत :

- शंट बसविलेली बालके. फुफ्फुसांकडे पुरेसे रक्त जात नसेल तर हाताकडे जाणारी धमनी फुफ्फुसाच्या धमनीस जोडण्याची शस्त्रक्रिया १९४४ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे आल्फ्रेड ब्लॅलॉक, हेलन तॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांच्या प्रयत्नांतून सिद्ध झाली. आज त्या जागी कृत्रिम नळी वापरतात, आणि तान्ह्या मुलांत तिचा व्यास बहुधा साडेतीन ते चार मिलिमीटर इतकाच असतो. फुफ्फुसांचा रक्तपुरवठा सर्वस्वी या नळीवर अवलंबून असेल, तर ती गुठळीने बंद होणे म्हणजे काही मिनिटांत प्राणावर बेतणे होय.
- एकच कार्यक्षम जवनिका (हृदयाचा खालचा कप्पा) असलेली मुले, म्हणजेच ज्यांच्यावर ग्लेन आणि नंतर फॉन्टान शस्त्रक्रिया होतात ती. फॉन्टाननंतर शरीराकडून परतणारे रक्त हृदयाच्या पंपाच्या साहाय्याविना फुफ्फुसांत जात असल्यामुळे त्याचा प्रवाह मंद असतो, आणि मंद प्रवाहात गुठळी होण्याची प्रवृत्ती आयुष्यभर राहते.
- धातूची कृत्रिम झडप बसविलेली मुले. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत विकसित झालेली चित्रा झडप असो वा परदेशी बनावटीची असो, औषधाची गरज दोहोंनाही सारखीच.
- ज्यांचा निळेपणा अद्याप शिल्लक आहे, ज्यांचे हृदय अशक्त आहे, ठोके अनियमित आहेत, किंवा अतिदक्षता विभागात ज्यांच्या मानेतील अथवा जांघेतील मोठ्या शिरेत बरेच दिवस नळी होती, ती मुले.

आपले मूल यांपैकी कोणत्या गटात मोडते हे ठाऊक नसल्यास डिस्चार्ज कार्डावरील शस्त्रक्रियेचे नाव एका वहीत जसेच्या तसे उतरवून घ्यावे. ‘हृदयाला भोक होते, ऑपरेशन झाले’ एवढ्या माहितीवर गावातील डॉक्टरांना कोणताही निर्णय घेता येत नाही.

जुलाब, उलट्या, ताप आणि उपाशी ठेवणे

या विषयावर आम्ही अंमळ अधिक रेंगाळणार आहोत, कारण औषधांविषयी पालक पुष्कळ विचारतात आणि पाण्याविषयी क्वचितच. निरोगी बालकास जुलाब झाले तर ते मलूल होते, पण शंट असलेल्या किंवा निळेपणा असलेल्या बालकाच्या शरीरातील पाणी कमी झाले की रक्त दाट होते, रक्तदाब उतरतो, अरुंद नळीतील प्रवाह मंदावतो, आणि गुठळी होण्यास जे जे लागते ते सर्व एकत्र जमून येते. म्हणून अशा घरात जुलाबाचा पहिला दिवस ‘उद्यापर्यंत पाहू’ म्हणून घालवू नये.

- पहिल्या पातळ शौचापासूनच जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, थोडी थोडी पण वारंवार द्यावी. तान्ह्या मुलाचे अंगावरचे दूध बंद करू नये.
- मूल लघवी कमी करीत असेल, सुस्त वाटत असेल, किंवा दोन-तीन वेळा दिलेले पाणी उलटून पडत असेल, तर घरगुती उपाय थांबवून रुग्णालय गाठावे. त्या वेळी शिरेतून सलाईन देणे हाच इलाज असतो.
- मुलास लघवी वाढविणारे फ्रुसेमाइडसारखे औषध चालू असेल, तर जुलाब-उलट्यांच्या दिवसांत त्याची मात्रा तशीच ठेवावी की कमी करावी हे हृदयरोगतज्ज्ञांस त्याच दिवशी फोन करून विचारावे. ही चौकशी करण्याचे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.
- दुसऱ्या एखाद्या शस्त्रक्रियेसाठी किंवा तपासणीसाठी मुलास उपाशी ठेवावयाचे असेल, तर ‘निळेपणाचे मूल आहे, शंट आहे, उपाशी काळात सलाईन लावणार का?’ असे आधीच विचारावे. यादीतील पहिला क्रमांक मागून घेण्यात काहीही संकोच नसावा.
- विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, लग्नाच्या वऱ्हाडात किंवा एस.टी.च्या दीर्घ प्रवासात पाण्याची बाटली मुलाच्या हाताशी असू द्यावी.

तापासाठी पॅरासिटामॉल हे औषध सामान्यतः निर्धोक मानले जाते. आयबुप्रोफेन मात्र स्वतःहून देऊ नये, कारण ते अ‍ॅस्पिरिनच्या कार्यात अडथळा आणू शकते आणि रक्तस्रावाचा धोकाही वाढविते.

औषधे कोणती आणि निवड कशी होते?

अ‍ॅस्पिरिन हे बिंबिकांना, म्हणजे रक्तातील प्लेटलेट्सना, एकमेकींस चिकटू देत नाही. मुलांना ते वजनाच्या प्रमाणात अत्यल्प मात्रेत दिले जाते, आणि शंटच्या व फॉन्टानच्या पुष्कळ मुलांस तेच चालू असते. अधिक धोक्याच्या स्थितीत वॉरफॅरिन अथवा आपल्याकडे ‘एसिट्रॉम’ या नावाने परिचित असलेले असेनोकोमॅरॉल देतात. अगदी तान्ह्या बालकांत, किंवा गुठळी प्रत्यक्ष झालेली असताना, एनॉक्सापॅरिनचे इंजेक्शन त्वचेखाली, बहुधा दिवसातून दोनदा, द्यावे लागते. पालक ते घरी देण्यास शिकू शकतात. रिव्हॅरोक्सॅबॅन या नव्या औषधास अमेरिकेत २०२१ च्या अखेरीस फॉन्टान झालेल्या दोन वर्षांवरील मुलांसाठी मंजुरी मिळाली. त्यास वारंवार रक्ततपासणी लागत नाही हा त्याचा मोठा गुण खरा, परंतु धातूची झडप असलेल्यांना ते चालत नाही, हे शेजाऱ्याच्या मुलाचे उदाहरण पाहून मागणी करणाऱ्या पालकांनी ध्यानात ठेवावे.

एका औषधाने भागत असताना दोन दिली तर अधिक संरक्षण मिळेल, हा समजही सरसकट खरा नाही. शंट बसविलेल्या नऊशेंहून अधिक अर्भकांवर केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात क्लोपिडोग्रेल हे औषध जोडीस देऊन पाहिले असता मृत्यू वा शंट बंद पडणे यांत घट दिसून आली नाही. त्या अर्भकांपैकी बहुतेकांना अ‍ॅस्पिरिन चालूच होते.

अ‍ॅस्पिरिनविषयी एक अडचण मात्र खरी आहे. कांजिण्या किंवा इन्फ्लुएन्झा झालेल्या मुलास अ‍ॅस्पिरिन दिल्यास रे सिंड्रोम नावाचा, यकृत आणि मेंदू यांना ग्रासणारा विकार क्वचित उद्भवतो. शंटच्या मुलाचे अ‍ॅस्पिरिन आपण होऊन थांबविणे धोक्याचे, आणि कांजिण्यांत ते तसेच चालू ठेवणेही चिंतेचे. म्हणून अंगावर पुरळ दिसताच, किंवा घरात अथवा शाळेत अशा रोग्याशी संपर्क आल्याचे कळताच, हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा व निर्णय त्यांच्यावर सोपवावा. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी आणि कांजिण्यांची लस योग्य वेळी घेण्याविषयीही त्यांनाच विचारावे, आणि लस देणाऱ्यास मुलाला चालू असलेली औषधे सांगावीत.

आयएनआरचा हिशेब

वॉरफॅरिन आणि असेनोकोमॅरॉल यांचा परिणाम आयएनआर या आकड्याने मोजतात. फॉन्टानच्या मुलांत तो साधारणतः २ ते ३ च्या दरम्यान, तर धातूची मिट्रल झडप असल्यास बहुधा २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात. आपल्या मुलासाठी ठरविलेला पल्ला मात्र कागदावर लिहून घ्यावा, कारण तो माहीत नसेल तर प्रयोगशाळेच्या अहवालावरील आकडा चांगला की वाईट हे आपणास कळणार नाही. अहवालात छापलेला ‘नॉर्मल’ आकडा निरोगी माणसाचा असतो. तो पाहून घाबरणारे पालक, आणि क्वचित घाबरणारे डॉक्टरही, आम्ही पाहिले आहेत.

- गोळी रोज एकाच वेळी, शक्यतो संध्याकाळी द्यावी. विसरल्यास त्याच दिवशी आठवताच द्यावी. दुसरा दिवस उजाडला असेल तर ती सोडून द्यावी, दुप्पट कदापि देऊ नये, आणि चुकलेल्या दिवसाची वहीत नोंद करावी.
- औषधाच्या दुकानात पट्टी घेताना गोळीचे मिलिग्रॅम प्रत्येक खेपेस तपासावेत. एक, दोन व चार मिलिग्रॅमच्या गोळ्यांचे अर्धे-पाव तुकडे करून देण्याच्या रिवाजात घोटाळा होण्यास फार वाव असतो. वॉरफॅरिनऐवजी असेनोकोमॅरॉल ‘तेच आहे’ म्हणून मिळाल्यास घेऊ नये, कारण दोहोंची मात्रा मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सारखी नसते.
- पालक, मेथी, शेपू, कोबी, कोथिंबीर यांतील के जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध कार्य करते. याचा अर्थ हिरवी भाजी बंद करावी असा नव्हे. वाढत्या मुलास ती हवीच. आठवड्यागणिक प्रमाण सारखे राहिले म्हणजे पुरे. श्रावणात वा परीक्षेच्या दिवसांत मुलाचे खाणे एकदम बदलले तर तपासणी लवकर करावी.
- आईच्या दुधात के जीवनसत्त्व अल्प असते, डब्याच्या दुधात ते मुद्दाम घातलेले असते. सबब तान्ह्या मुलाचे दूध बदलताना डॉक्टरांना आधी कळवावे.
- नवे प्रतिजैविक सुरू झाले की आयएनआर बहुधा हलतो. को-ट्रायमोक्सॅझोल आणि मेट्रोनिडॅझोल यांनी तो चढतो. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनने आणि फिट्सच्या काही औषधांनी तो मोठ्या प्रमाणात उतरतो. कोणतेही औषध सुरू किंवा बंद झाल्यावर काही दिवसांतच तपासणी करून घ्यावी.
- मिथिल सॅलिसिलेट असलेले वेदनाशामक बाम, लसणाच्या वा हळदीच्या कॅप्सूल, ‘रक्तशुद्धी’चे काढे ही निरुपद्रवी वाटणारी सामग्रीही डॉक्टरांना सांगावी. स्वयंपाकातल्या हळद-लसणाविषयी चिंता नको.

निळेपणा असलेल्या मुलांच्या तपासण्या

निळेपणाच्या मुलांत तांबड्या पेशी वाढलेल्या असतात आणि रक्तद्रव त्या मानाने कमी असतो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, ५५ टक्क्यांहून अधिक असल्यास नेहमीच्या नळीतील सायट्रेट द्रावण त्या थोड्या रक्तद्रवास जास्त होते आणि आयएनआर खोटाच चढलेला येतो. त्या आकड्यावर भरवसा ठेवून औषध कमी केले तर मूल संरक्षणाविना राहते. प्रयोगशाळेच्या अर्जावर ‘निळेपणा आहे, हिमॅटोक्रिट इतका आहे, सायट्रेट त्याप्रमाणे कमी करावे’ अशी नोंद डॉक्टरांकडून करवून घ्यावी.

या मुलांचे हिमोग्लोबिन १५ असले तरी शरीरात लोहाची कमतरता असू शकते, आणि लोहाची कमतरता ही स्वतःच मेंदूच्या आघाताचा धोका वाढविते. म्हणून ‘हिमोग्लोबिन तर भरपूर आहे’ या कारणाने लोहाची तपासणी नाकारू नये. उलटपक्षी, रक्त दाट झाले म्हणून ते काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीविना तो मानू नये. पुष्कळदा त्या दाटपणाचे कारण केवळ पाण्याची कमतरता असते.

आणखी एक गोष्ट, जी रुग्णालयात सांगण्यास पालकांनी कचरू नये : अशा मुलाच्या सलाईनच्या नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, कारण हृदयातील छिद्रावाटे तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो. नर्सबाईंना याची नम्रपणे पण प्रत्येक वेळी आठवण करून द्यावी.

ही चिन्हे दिसताच विलंब करू नये

- शंटचे मूल एकाएकी अधिक निळे पडणे, धापा टाकणे, दूध सोडून देणे, न थांबणारी किरकिर किंवा गळून जाणे.
- चेहरा एका बाजूस झुकणे, एक हात वा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, नजर हरपणे. तान्ह्या मुलात फिट येणे हेच कधीकधी एकमेव लक्षण असते. मूल शेवटचे बरे केव्हा होते ती वेळ लिहून ठेवावी. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.
- एकच हात किंवा पाय सुजणे, दुखणे. अथवा मान आणि चेहरा सुजणे.
- धातूच्या झडपेचा नेहमीचा टिकटिक आवाज मंद होणे वा ऐकू न येणे, आणि त्याबरोबर धाप लागणे.
- निळेपणाच्या मुलास ताप, डोकेदुखी व उलट्या एकत्र होणे. हे गुठळीखेरीज मेंदूतील गळूचेही लक्षण असू शकते.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मार्गात असतानाच हृदयरोगतज्ज्ञांस कळवावे.

रक्त आले तर

नाकातून रक्त आल्यास मुलास बसवून पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे सलग दाबून धरावा, मधून मधून सोडून पाहू नये. खरचटणे, हिरडीतून किंचित रक्त येणे, नडगीवर निळा डाग पडणे यांसाठी औषध थांबविण्याचे कारण नाही. डाग विनाकारण आणि वारंवार उमटू लागले तर आयएनआर तपासावा. मात्र डोक्यास मार लागणे, मग मूल हसत-खेळत का असेना, काळी शौच, लाल लघवी, रक्ताची उलटी, किंवा न थांबणारा घोळणा ही रुग्णालयात जाण्याची कारणे होत. सीझनच्या चेंडूने हेल्मेटशिवाय खेळणे आणि कबड्डीसारखे अंगलटीचे खेळ वॉरफॅरिन घेणाऱ्या मुलाने टाळावेत. धावणे, पोहणे, सायकल यांविषयी डॉक्टरांना विचारून परवानगी द्यावी. मुलाला घरात कोंडणे हे काही औषध नव्हे.

दात काढावयाचा असल्यास दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ यांचे आपसांत बोलणे झाल्याखेरीज गोळी बंद करू नये. तापासाठी कमरेत किंवा दंडात वेदनाशामकाची सुई टोचून घेण्याची जी सवय आपल्याकडे आहे, ती या मुलांच्या बाबतीत पूर्ण सोडावी.

मुलगी वयात आल्यावर

हा विषय पालक टाळतात, म्हणून तो डॉक्टरांसमोर आईनेच काढावा. गुठळीविरोधी औषधांमुळे पाळीचा रक्तस्राव वाढू शकतो, आणि त्यावर उपाय आहेत. परंतु घरात सण किंवा लग्नकार्य आहे म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून आणून देणे या मुलींसाठी धोक्याचे आहे, कारण अशा संप्रेरकांमुळे गुठळीचा संभव वाढू शकतो. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या तर फॉन्टानच्या आणि निळेपणाच्या मुलींनी टाळावयाच्याच असतात. कार्य मुलीच्या पाळीसाठी अडत नाही, असे आम्ही वडीलधाऱ्या मंडळींना आदरपूर्वक सुचवितो. वॉरफॅरिनमुळे गर्भास व्यंग येऊ शकते, हेही मुलीला विवाहापूर्वीच समजावून सांगणे अवश्य आहे.

खर्च, कागदपत्रे आणि आपले हक्क

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत तपासणी होते आणि जन्मजात हृदयदोष त्यात समाविष्ट आहे. पुढील उपचारांची तजवीज तपासणी करणाऱ्या पथकामार्फत जिल्हा रुग्णालयातून होते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. त्याला शस्त्रक्रियेबरोबरच नंतरच्या पाठपुराव्याची मंजुरी आहे का, हेही विचारावे, कारण काही शस्त्रक्रियांसाठी तशी तरतूद आहे आणि न मागितल्यामुळे ती वाया जाते. नवी मुंबईत खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य केल्या जातात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली येणाऱ्या महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखणे बंधनकारक आहे. दाद मागावयाची झाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करता येतो.

आपल्या मुलाच्या वैद्यकीय नोंदी लेखी अर्ज केल्यापासून ७२ तासांत मिळाव्यात, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत नमूद आहे. शस्त्रक्रियेचा तपशील, शेवटचा टू-डी एको आणि औषधांची यादी एवढे तीन कागद तरी नेहमी जवळ असावेत. तातडीच्या रुग्णास प्रथम उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात, रस्त्यावरील अपघाताच्या प्रकरणात, स्पष्ट केलेले आहे.

रुग्णालयातून निघण्यापूर्वी एक जाड कार्ड तयार करून त्यावर मुलाचा दोष, झालेली शस्त्रक्रिया, औषध व मात्रा, आयएनआरचा पल्ला आणि नेहमीचा ऑक्सिजनचा आकडा ही माहिती डॉक्टरांच्या सहीने घ्यावी, आणि तिची एक प्रत शाळेत द्यावी. नेहमीचा ऑक्सिजन ७५ ते ८५ टक्के असलेली मुले असतात, आणि तो आकडा न कळल्यामुळे अनोळखी दवाखान्यात गोंधळ उडतो. त्याच कार्डावर, मूल रात्री दोन वाजता बिघडल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करावयाचा तो क्रमांक लिहून घ्यावा. तो मिळाल्याशिवाय डिस्चार्जच्या कागदावर सही करू नये.